ज्याचं रक्त त्याचा कागद

आमच्या लॅबमध्ये सर कुणालाही नावाने हाक मारत नसत. रिपोर्ट तयार झाला की ते काउंटरवरून उठायचे, बाकांच्या मधून चालत जायचे, ज्याचं त्याच्या हातात पाकीट ठेवायचे आणि परत येऊन बसायचे. दिवसाला साठ-सत्तर माणसं येत. सरांचं पाकीट चुकलेलं मी कधी पाहिलं नाही.

त्यांच्या आधी हे काम आमचा टेक्निशियन करायचा. तो आतूनच ओरडायचा, "शुगरवाले आजोबा कोण? बाटली अर्धीच भरलीय, परत जावा!" मग सगळा बाक वळून त्या आजोबांकडे बघायचा. सरांनी पहिल्याच दिवशी त्याला बाजूला घेतलं.

"तुमी ईचारताय आजोबाला, आन् ऐकतंय गाव. असं न्हाय करायचं."

"अहो सर, शुगर तर सगळ्यांनाच असते."

"मग सगळ्यांचीच ओरडा की. तुमची पण ओरडा."

टेक्निशियनला शुगर होती. त्यानंतर तो ओरडला नाही.

लॅब नवी पेठेतल्या एका बोळात, दुसऱ्या मजल्यावर आहे. बी.एस्सी. झाल्यावर मी तिथे कॉम्प्युटरवर काम करायला लागले. काचेच्या आड बसायचं, आकडे भरायचे, कुणाशी फारसं बोलायचं नाही. मला ते सोयीचं होतं. सर त्यानंतर वर्षभराने आले. नगरपालिकेच्या शाळेतून रिटायर झालेले, मूळचे मंद्रूपचे, घरात कानडी बोलणारे. आमचे डॉक्टर चौथीला त्यांच्या वर्गात होते. डॉक्टर पन्नाशीचे झाले तरी सर समोर आले की हातातलं पेन खाली ठेवत. घरात बसून कंटाळलो, काहीतरी काम दे, असं सरांनी म्हटल्यावर डॉक्टरांना नाही म्हणता आलं नाही. पुढेही बऱ्याच गोष्टींना त्यांना नाही म्हणता आलं नाही.

सर सगळ्यांना 'तुमी' म्हणायचे. सहा वर्षांच्या पोरालासुद्धा. "तुमी रडू नका, एकच सुई हाय." मला ते 'इंग्रजीबाई' म्हणायचे, कारण मराठी आकडे वाचताना मी अडायचे. मराठी आमच्या घरातली भाषा होती, पण लिहायची कधी वेळ आली नव्हती. शाळेत मराठीच्या तासाला आम्ही दुसऱ्या विषयाचा गृहपाठ करत असू. सरांनी हे ऐकलं आणि रोज दुपारी डबा खाऊन झाल्यावर मला अर्धं पान शुद्धलेखन घालायला सुरुवात केली. बावीस वर्षांच्या मुलीला! मी ते का लिहीत होते कुणास ठाऊक. मलाही बहुतेक त्यांना नाही म्हणता येत नसे.

आता मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे. सोळाव्या वर्षापासून मला रोज एक गोळी घ्यावी लागते आणि दर सहा महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. आजार कुठला ते इथे लिहीत नाही. त्याने जगण्याचं काही अडत नाही. लग्नाचं अडेल, असं आईवडिलांना वाटायचं. म्हणून घरात ते त्या दोघांना आणि मला, एवढ्यांनाच माहीत होतं. मोठ्या काकांना माहीत नव्हतं, आणि माझ्यासाठी स्थळं मोठे काका बघत होते. नात्यात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांच्या कानावर गेलं असतं तर आठ दिवसांत सगळ्यांना कळलं असतं.

लॅबमध्ये माझी तपासणी व्हायची तेव्हा माझं पाकीटही सरच द्यायचे. इतरांसारखंच. उठून माझ्या टेबलापाशी यायचे, पाकीट ठेवायचे, निघून जायचे. चेहऱ्यावर काही नाही. पहिल्या वेळी मी आठवडाभर त्यांच्याकडे बघत होते, यांच्या डोळ्यांत आता दया दिसेल म्हणून. दिसली नाही. शुद्धलेखनात चार चुका झाल्या म्हणून ओरडले मात्र.

रिपोर्ट मिळाल्याची सही घ्यायला एक लांबलचक वही होती. लोक सही करायच्या आधी वरची दहा नावं सावकाश वाचत. कोण आलं होतं, कुठली तपासणी, कधी. सरांनी चादरीच्या खोक्याचा एक पुठ्ठा घेतला, त्यात एका ओळीएवढी खाच कापली आणि तो वहीवर ठेवला. खाचेतून फक्त आपलीच ओळ दिसायची. असाच एक छोटा पुठ्ठा त्यांच्या पिशवीत असायचा. डॉक्टरांच्या सोसायटीत मी एकदा त्यांच्याबरोबर कागद द्यायला गेले, तेव्हा गेटवरच्या वहीवर त्यांनी तो काढून ठेवला.

वॉचमन म्हणाला, "काय आजोबा, तुमचं नाव लपवताय व्हय?"

"माझं लिवलंय की मोठ्या अक्षरात. वरच्यांची नावं मला दिसू नयेत म्हणून ठेवलाय."

मला वाटायचं, सर स्वतःला जपतात. तसं नव्हतं. दुसऱ्याचं आपल्याला कळू नये, ही त्यांची काळजी होती.

दिवाळीला डॉक्टरांनी आम्हा दोघांना स्टाफसाठी टॉवेल आणायला पाठवलं. दुकानातल्या काउंटरवरच्या मुलीने मोबाईल नंबर विचारला.

"टॉवेल मला फोन करणार हाय का?"

"नंबर टाकल्याशिवाय बिल निघत नाही, आजोबा."

मागे रांग लागलेली. मी पटकन पुढे होऊन एक खोटा नंबर सांगायला लागले. ते मी नेहमीच करायचे. खोटा नंबर, खोटी जन्मतारीख, कधी खोटं नावसुद्धा. सरांनी मला हाताने थांबवलं.

"खोटं न्हाय सांगायचं. सांगत न्हाय म्हणायचं. दोन्हीत लई फरक हाय."

"सर, त्यांना काय कळतंय?"

"त्यांना न्हाय कळत. मोजणी बिघडती."

बिल हाताने लिहून मिळेपर्यंत आम्ही वीस मिनिटं उभे होतो. मागचे लोक जे बोलले ते मी अजून विसरलेले नाही.

मोजणी हा त्यांच्या बोलण्यात सारखा येणारा शब्द होता. शाळेत असताना त्यांनी तीन वेळा जनगणनेचं काम केलं होतं. बाकीचे मास्तर ती कामं टाळायचे. सर मागून घ्यायचे. उन्हातान्हात घरोघरी जायचं, किती माणसं, कोण शिकलं, कोण कुठून आलं, घरात पाणी आहे का, सगळं विचारायचं. त्यांच्या भागातल्या प्रत्येक घराचं आतलं त्यांना माहीत होतं. लोक सोयरीक जुळवायच्या आधी त्यांच्याकडे यायचे, म्हणे. त्या घरी नक्की मुलं किती? थोरला खरंच पुण्याला असतो का? सर सगळ्यांना एकच सांगत, "मोजलं, दिलं, विसरलो."

आमचा टेक्निशियन त्यांना चिडवायचा. "सर, एवढं लपवून काय उपयोग? सरकारकडं सगळं हायच."

यावर सर चिडत नसत. वर्गात फळ्यावर लिहून समजवावं तसं बोलत. "सरकारनं मला एक कागद दिला हुता. त्यावर लिवलं हुतं की हा माणूस ईचारंल, त्याला सांगा. आन् त्याच कागदावर खाली लिवलं हुतं की ह्या माणसानं कुणाला सांगितलं तर त्याला शिक्षा. कोर्टानं मागितलं तरी द्यायचं न्हाय. ईचारायची ताकद आन् सांगायची बंदी एकाच कागदावर. आता तुमच्या फोनमदी जो ईचारतोय, त्याच्याकडं असला कागद हाय का, तेवढंच बघा."

टेक्निशियनने फोन खिशात घातला. थोड्या वेळाने परत काढला.

सरांचा सगळ्यात मोठा हेका म्हणजे ते निरुपद्रवी गोष्टीही सांगत नसत. एकदा माझे मोठे काकाच आजोबांना शोधत वर आले. आजोबा रक्त देऊन खिडकीजवळच्या बाकावर बसले होते.

काकांनी काउंटरवर विचारलं, "आमचे वडील आले होते का हो?"

"सांगता येत न्हाय."

"अहो, ते काय तिथं बसलेत!"

"मग त्यांनाच ईचारा की."

"हिमोग्लोबिन किती आलं तेवढं तरी?"

"सांगता येत न्हाय."

आजोबा बाकावरून ओरडले, "अकरा हाय, अकरा! कशाला त्या मास्तरच्या नादी लागतोस!" सगळे हसले. काका घरी येऊन आठवडाभर ती नक्कल करत होते. मी एकदा सरांना विचारलं, आल्याचं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

ते म्हणाले, "वर्गात फळ्यावर कुणी चितारलं म्हणून ईचारलं, आन् सगळी पोरं न्हाय म्हणली, एकच गप बसलं. तर कळलं की न्हाय?"

"कळलं."

"म्हणून सगळ्यांनीच गप बसायचं. ज्यांनी कायबी केलं न्हाय त्यांनी आदी."

मला तेव्हा हा नुसता हट्ट वाटला होता.

मग आमच्याकडे ॲप आलं. पुण्याच्या एका छोट्या कंपनीचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. अगदी नम्र. रिपोर्ट थेट पेशंटच्या फोनवर जाईल, पाकिटं नकोत, छपाई नको, पुढच्या तपासणीची आठवणही ॲपच करील. आणि सगळं फुकट. डॉक्टर खूश झाले.

सर म्हणाले, "फुकट का?"

"सर, आमचं मॉडेल तसंच आहे."

"मॉडेल जेवतंय काय?"

मुलगा हसला. लॅपटॉप डॉक्टरांकडे वळवला.

पेशंटची संमती घ्यायची इंग्रजी नोटीस त्याने दिली होती, दोन पानांची. माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा झाला होता. त्याचा मोठा भाग अजून लागू व्हायचा होता, पण नोटीस आपल्या भाषेत मागता येणार हे डॉक्टरांनी वाचलं होतं, म्हणून त्यांनी मला मराठी करायला सांगितलं. सरांनी माझ्याकडून तो कायदा छापून घेतला आणि लाल पेनाने पेपर तपासावा तसा तपासला. संमती कधीही काढून घेता येईल, तिथे बरोबरची खूण. मुलांची माहिती, तिथेही खूण. सरकारी खात्यांना काही ठिकाणी सूट दिलेली होती, तिथे मोठं लाल वर्तुळ आणि बाजूला 'का?' शेवटी शंभरपैकी अठ्ठावन्न मार्क दिले. "पास हाय," म्हणाले, "पर फळ्यावर आल्याशिवाय कळायचं न्हाय."

माझी मराठी नोटीस त्यांनी सात वेळा परत दिली. मी लिहिलं होतं, 'आपली माहिती आमच्या विश्वासू भागीदारांना दिली जाऊ शकते.'

"भागीदार म्हंजे कोण? नाव, गाव?"

मी कंपनीला मेल केला. उत्तर आलं की भागीदारांची यादी वेळोवेळी बदलते. मग सरांनी मला वाक्य सांगितलं आणि मी ते लिहिलं: 'तुमच्या तपासणीची माहिती आम्ही अशा लोकांना देऊ, ज्यांची नावं आम्हाला आज सांगता येत नाहीत.' मी दोन्ही वाक्यं पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. अर्थ तोच होता.

ही नोटीस सर प्रत्येक पेशंटला वाचून दाखवायला लागले. हळू आवाजात, समोर बसून, पहिल्या ओळीपासून. रांग जिन्यात गेली.

एक मुलगा म्हणाला, "सर, टिक करा की पटकन. घाई हाय."

"घाई हाय तर न्हाय म्हणा. लौकर हुतंय."

पूर्व भागातल्या एका तेलुगू आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं, नातीला दोनदा त्यांच्या भाषेत विचारलं आणि म्हणाल्या, "मला नाव माहीत नाही त्याला मी माझ्या घरात घेत नाही. रक्त कसं देऊ?" त्या दिवशी दुपारपर्यंत दहातले आठ जण नाही म्हणाले होते.

आठवड्याने कंपनीचा फोन आला. बाकी सगळ्या लॅबमधून सगळ्यांच्या संमत्या येतात, तुमच्याकडेच काय अडचण आहे? असंच चाललं तर ॲप बंद करावं लागेल. डॉक्टर सरांना काही बोलू शकत नव्हते. ते मला बोलले.

"सर जेवायला गेले की तू करून टाक. वर एक चौकोन आहे बघ, सगळ्यांसाठी."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी "हो डॉक्टर" म्हटलं. सर डबा धुवायला गेले तेवढ्यात तो चौकोन दाबला. नवे पेशंट, वरचेवर तपासायला येणारे जुने पेशंट, वहीतून ॲपमध्ये घेतलेली सगळी बाराशे नावं हिरवी झाली. एका क्लिकमध्ये. मला एवढंच वाटलं होतं की कुणाशी वाद न होता काम झालं. त्या बाराशेंत मीही होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

माझं नाव जुन्या पेशंटमध्ये होतं, आणि त्याच्यासमोर नंबर वडिलांचा. सोळाव्या वर्षी आईबरोबर पहिल्यांदा आले तेव्हा तोच दिला होता. आमच्याकडे घराचा एकच नंबर असतो. आजोबांचा गॅस, माझी शाळा, आईची बँक, सगळीकडे वडिलांचाच. आणि वडिलांचा फोन दिवसभर भांड्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी पडलेला असायचा. वडील, काका, नोकर, जो जवळ असेल तो उचलायचा.

तीन आठवड्यांनी काका लॅबच्या जिन्यातून वर आले. हातात वडिलांचा फोन. मी काचेच्या आड होते. बाक भरलेला होता.

"नमस्कार मास्तर. हे बघा. आमच्या भावाच्या फोनवर तुमच्या लॅबचा मेसेज आलाय, ह्या तपासणीची वेळ झाली म्हणून. आणि त्या दिवसापासून फोन उघडला की त्याच आजाराची औषधं, त्याच आजाराचे डॉक्टर. गिऱ्हाइकासमोर! भाऊ म्हणतो चुकून आलं असेल. कुणाची तपासणी आहे ही?"

फोनचा पडदा मला काचेतून दिसत होता. त्या आजाराचं नाव मोठ्या निळ्या अक्षरांत होतं.

"सांगता येत न्हाय," सर म्हणाले.

"नंबर आमच्या घरचा आहे."

"नंबर घरचा आसंल. ज्याचं रक्त त्याचा कागद."

"बरं, नाव नको." काका पुढे वाकले. आवाज खाली आणला, तरी मला ऐकू येत होता. "एवढंच सांगा, आमच्या पोरीची आहे का? रविवारी मी तिच्यासाठी लोकांकडे जाणार आहे. माझ्या शब्दावर ते येणार. उद्या काही निघालं तर तोंड मला दाखवायचंय."

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. पापणीसुद्धा इकडे वळली नाही. "तुमची अडचण खरी हाय," ते म्हणाले. "पर सांगता येत न्हाय."

"नसेल तर नाही म्हणा! नाही म्हणायला काय जातंय?"

"तुमच्या वडलांचं ईचारलं, तवा तरी सांगितलं का?"

काकांनी फोन खाली घेतला. बाकावरच्या एक बाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचं मला न्हाय सांगत ते! मी काय परकी हाय व्हय?" दुसरे कुणी म्हणाले, "मला तर माझंच सांगत न्हाईत, पाकीट हातात देतात नुसतं." बाक हसायला लागला. काकांनाही हसू आलं, रागातच. मग ते काचेकडे वळले.

"काय गं, तुला तरी माहीत आहे का?"

खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. कुणी दुसरी बाई आहे, काका. नंबर चुकलाय, काका. मला ते किती सहज जमायचं! पण बाकावरचे सगळे बघत होते, आणि त्यांच्यापुढे मी कधी बोललेच नव्हते.

"काका," मी म्हटलं, "इथलं बाहेर सांगता येत नाही. कुणाचंच."

माझा आवाज कापत होता. लाजाळू मुलीचा आवाज चारचौघांत कापणारच, असं काकांना वाटलं असावं.

"हिलाही शिकवलं का तुम्ही!" ते सरांना म्हणाले. "या मास्तरला विचारण्यात अर्थ नाही. हा माझ्या बापाचं सांगत नव्हता." आणि फोन खिशात घालून खाली उतरले. त्यांना काहीच कळलं नव्हतं. ना हो, ना नाही.

बाक रिकामा झाल्यावर सर माझ्या टेबलापाशी आले.

"तो मेसेज गेला कसा? व्हय कोण म्हणलं?"

मी सगळं सांगितलं. चौकोन, डॉक्टर, डबा. सरांनी खुर्ची ओढली आणि बसले. इतकं सावकाश बसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"किती जणांचं?"

"बाराशे."

"माझं पण?"

"हो सर."

'आन् तुमचं?' हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मी वाट बघत होते. त्यांनी चष्मा पुसला.

"मी गेलो तर तो ऐकंल," ते डॉक्टरांच्या केबिनकडे बघत म्हणाले, "मास्तर म्हणून ऐकंल. तुमी जावा."

मला बोलता येणार नव्हतं, म्हणून मी कागदावर लिहिलं. मराठीत. मी काय केलं, ते मी पेशंटना न विचारता केलं, आणि ते मी उलटं करणार आहे. केबिनमध्ये उभी राहून वाचून दाखवलं. मग कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.

डॉक्टर म्हणाले, "सरांनी लिहून दिलं का?"

"नाही डॉक्टर. त्यात दोन चुका आहेत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाकी सगळ्या लॅब करतात गं," ते म्हणाले. खिडकीतून बाहेर बघितलं. मग म्हणाले, "कर."

हो म्हणायला सगळ्यांसाठी एक चौकोन होता. नाही म्हणायला नव्हता. एकेक नाव उघडायचं, आत जायचं, आणखी आत जायचं, 'तुमची खात्री आहे का' याला हो म्हणायचं. जवळजवळ बाराशे वेळा. आम्हाला नऊ दिवस लागले. सर शेजारी बसून वहीतला क्रमांक वाचायचे, नाव नाही, आणि मी दाबायचे. माझा क्रमांक त्यांनी बाकीच्यांच्याच आवाजात वाचला. ज्यांनी स्वतःहून हो म्हटलं होतं त्यांची नावं सरांनी वेगळी काढली होती. त्यांचं हो त्यांनी तसंच ठेवलं. "त्यांनी ऐकून म्हणलंय," ते म्हणाले.

गेलेली माहिती पुसून टाका, असं पत्र आम्ही कंपनीला पाठवलं. एक तक्रार क्रमांक आला, पुढे काही नाही. सरांनी फुलस्केप कागदावर दिल्लीला सरकारलाही लिहिलं. कलम अजून लागू नाही, असं उत्तर येईल हे त्यांना माहीत होतं. तेवढंही आलं नाही. "लागू झालं की परत पाठीवतो," म्हणून त्यांनी नक्कल जपून ठेवली. दुकानातल्या फोनवरच्या जाहिराती दीड-दोन महिन्यांनी कमी होत गेल्या. माझं नाव कुठल्या भागीदाराकडे जाऊन बसलं आहे, ते मला आजही माहीत नाही. रविवारचं ते स्थळ पत्रिकेवरून मोडलं. मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला.

पुढच्या वर्षी सरांना जिना झेपेना. गुडघे गेले. ते मंद्रूपला मुलाकडे राहायला गेले. काउंटरवर आता मी बसते. लोकांचे चेहरे लक्षात ठेवायला मला जमत नाही. मी जवळ जाऊन हळू विचारते.

काकांना मी स्वतः सांगितलं. त्या मेसेजनंतर सहा महिने गेले होते. दुकान बंद करताना ते एकटे कुलूप लावत होते, तेव्हा. ते आधी खूप चिडले, माझ्यावर नाही, वडिलांवर. मला फसवलं म्हणाले. दोन दिवस घरी जेवायला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि पाट घेताना मला म्हणाले, "ती गोळी वेळेवर घेतेस ना?" आता नवीन स्थळाकडे जायच्या आधी ते मला विचारतात, त्यांना तू सांगणार की मी सांगू? मी सांगते म्हणते. दोन ठिकाणी सांगितलं. एकांनी पुन्हा फोन केला नाही, एकांनी केला आहे.

हे सरांना सांगावं म्हणून मी गेल्या महिन्यात मंद्रूपला गेले. सर शेतातल्या खोलीपुढे बसले होते. मी पेढे दिले. त्यांनी कशाचे ते विचारलं नाही. उसाची चौकशी झाली, लॅबची झाली. नवी जनगणना मोबाईलवर होणार हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सांगायच्या बंदीचा कायदा तोच आहे ना, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं की समोरच्या माणसाने मला काहीतरी विचारावं. त्यांनी विचारलं नाही.

शेवटी मीच म्हटलं, "सर, मी काकांना सांगितलं. ते."

"काय ते?"

"सर, तुम्हाला माहीत आहे की. तुम्हीच तर पाकीट देत होतात."

"मला कुटं काय माहीत हाय?" ते म्हणाले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. ते नाटक करत नव्हते. वाट बघत होते. विहिरीवरची मोटर मोठ्याने चालू होती. त्यांनी नातवाला हाक मारून ती बंद करायला लावली, आपली खुर्ची माझ्या खुर्चीजवळ ओढली आणि कान पुढे केला.

मग मी त्यांना सोळाव्या वर्षापासून सांगायला सुरुवात केली.